आधी अल्कलिनिटी, मग पीएच: घरच्या स्विमिंग पूलचं पाणी कसं जुळवायचं

कर्जतजवळच्या आमच्या बंगल्यातला पूल मी स्वतः सांभाळते. त्याआधीची नोकरीची वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत गेली, त्यामुळे थेंब मोजायचा कंटाळा येत नाही. आजूबाजूचे बंगलेवाले पाणी गढुळलं की विचारायला येतात. त्यातल्या बहुतेकांनी आठवडाभर नुसता पीएच वर-खाली करण्यात घालवलेला असतो. ॲसिड टाकलं की पीएच उतरतो, दोन दिवसांत पुन्हा चढतो, मग पुन्हा ॲसिड. हा खेळ थांबवायचा असेल तर आधी अल्कलिनिटी बघा.

अल्कलिनिटी म्हणजे पाण्यात विरघळलेले, मुख्यतः बायकार्बोनेटचे क्षार. आम्ल पडलं की ते हे क्षार झेलतात आणि पीएच जागचा फारसा हलत नाही. क्षार कमी असतील तर एका मोठ्या पावसानेही पीएच कोसळतो. फार जास्त असतील तर पीएच सारखा वर सरकतो आणि टाइल्सवर पाण्याच्या रेषेला पांढरा थर धरतो. अल्कलिनिटी ८० ते १२० पीपीएम (म्हणजे लिटरमागे इतके मिलिग्रॅम) आणि पीएच ७.२ ते ७.८ ठेवा. मी स्वतः ७.४ ते ७.६ च्या मध्ये ठेवते, कारण क्लोरीनचं काम पीएचवर अवलंबून असतं. ७.५ ला क्लोरीनचा साधारण निम्मा भाग जंतू मारण्याच्या रूपात असतो, ८ ला जेमतेम पाव. म्हणजे पैसे घालून टाकलेलं क्लोरीन पाण्यात असूनही शेवाळ वाढतं आणि पोरांचे डोळे चुरचुरतात.

सुरुवात पूलमध्ये पाणी किती आहे यापासून करा. आमचा पूल ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, खोली १.२ पासून १.६, म्हणजे सरासरी १.४. तिघांचा गुणाकार ४४.८ घनमीटर, धरा ४५ हजार लिटर. पुढचे सगळे आकडे या पूलचे आहेत. तुमचा निम्मा असेल तर निम्मे करा.

तपासणीसाठी थेंबांचं किट घ्या. पट्ट्यांवर माझा भरवसा नाही, रंगांतला फरक कळत नाही. नमुना घेताना बाटली उलटी धरून कोपरापर्यंत हात बुडवा आणि तिथे ती सुलटी करा. रिटर्नच्या, म्हणजे गाळलेलं पाणी पूलमध्ये परत येतं त्या, तोंडाजवळचं पाणी घेऊ नका. अल्कलिनिटीच्या परीक्षेत पाणी आधी हिरवं होतं. मग एकेक थेंब मोजत टाकायचा आणि नळी हलवत राहायचं. शेवटाकडे थेंब पडेल तिथे लालसर ढग उठतो आणि हलवल्यावर विरतो. तो विरला म्हणजे अजून वेळ आहे. रंग पक्का लाल झाला की थांबा आणि टाकलेल्या थेंबांची संख्या किटवर लिहिलेल्या आकड्याने गुणा. मागे पांढरा कागद धरलात तर बदल नेमका दिसतो. नुकतंच भरपूर क्लोरीन टाकलं असेल तर त्या दिवशी तपासू नका. पीएचच्या परीक्षेतला लाल रंग जांभळट होतो आणि आकडा खोटा चढा दिसतो.

अल्कलिनिटी कमी आली तर खायचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. केमिकलच्या दुकानात गोणीने मिळतो. बेकिंग पावडर नको, धुण्याचा सोडाही नको. ४५ हजार लिटरला १० पीपीएम वाढवायला साधारण ७५० ग्रॅम लागतो. आकडा ५० आला आणि ९० हवाय, तर ३ किलो. मी आधी निम्मा टाकते. पंप चालू ठेवून खोल बाजूने कडेकडेने चालत पसरायचा, दुसऱ्या दिवशी तपासून उरलेला टाकायचा. पीएच थोडासाच वाढतो.

अल्कलिनिटी ठीक आणि पीएच तेवढा कमी असेल तर लोक लगेच सोडा ॲश, म्हणजे सोडियम कार्बोनेट, टाकतात. त्याने पीएच झपाट्याने चढतो आणि अल्कलिनिटीही वाढते. म्हणून मी आधी कारंजं सोडते किंवा रिटर्नची तोंडं वर वळवते. पाणी खळाळलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि अल्कलिनिटीला धक्का न लागता पीएच वर येतो. फुकटात काम होतं. दोन दिवसांत फरक पडला नाही तरच सोडा ॲश, तोही अडीचशे ग्रॅमपासून.

आमच्याकडची खरी डोकेदुखी बोअरची. काळ्या पाषाणातलं पाणी बायकार्बोनेट घेऊनच वर येतं. समजा अल्कलिनिटी २४० निघाली. बाजारात मिळणाऱ्या तीसेक टक्क्यांच्या हायड्रोक्लोरिक ॲसिडने ती उतरवायची. १० पीपीएमला साधारण ९०० मिलिलिटर लागतं, पण सगळं एकदम ओतायचं नाही. एका वेळी एक लिटर, चार-पाच तास पंप, मग पीएच तपासा. ७.२ ला आला की थांबा. आता कारंजं चालू करून पीएच ७.८ पर्यंत वर येऊ द्या आणि पुन्हा ॲसिड. एका फेरीत वीसेक पीपीएम उतरते, त्यामुळे पाच-सहा फेऱ्या धरून चाला. घाई केलीत तर पीएच फार खाली जाऊन टाइल्समधलं ग्राउट आणि शिडीचं लोखंड खातो.

ॲसिडच्या बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही. आधी बादलीत पाणी, मग त्यात ॲसिड, उलट कधीही नाही. रबरी हातमोजे, डोळ्यांना गॉगल, वारा पाठीमागून. क्लोरीनची पावडर ज्या मगने काढता तो मग ॲसिडला लावायचा नाही आणि दोन्ही एका कपाटात ठेवायची नाहीत. दोन्ही एकत्र आली की विषारी क्लोरीन वायू सुटतो. बंगल्यावर काम करणाऱ्या दादांना हे तोंडी सांगून सोडू नका, समोर उभं राहून दोन वेळा करून घ्या. पीएच पुन्हा तपासल्याशिवाय कुणाला पाण्यात उतरू देऊ नका.

क्लोरीन कुठलं वापरता तेही बघा. टीसीसीएच्या (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिड, हळूहळू विरघळून क्लोरीन सोडणारं रसायन) गोळ्या आम्लधर्मी, त्या हळूहळू अल्कलिनिटी खातात. ब्लीचिंग पावडर आणि लिक्विड क्लोरीन अल्कधर्मी. बोअरच्या पाण्याला गोळ्या सोयीच्या, पण त्यातून सायन्युरिक ॲसिड (उन्हात क्लोरीन टिकवून धरणारं रसायन) साठत जातं आणि तेही अल्कलिनिटीच्या आकड्यात मोजलं जातं. सायन्युरिकचा आकडा ९० असेल तर अल्कलिनिटीतून त्याचा तिसरा हिस्सा, ३०, वजा करा.

जूनपासून सगळा हिशेब उलटा होतो. पावसाच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात आणि ते किंचित आम्लधर्मी असतं. पूल भरून वाहू लागला की तुमचं जुळवलेलं पाणी बाहेर जातं आणि हे आत येतं. उन्हाळ्यात ॲसिड मागणारा तोच पूल जुलैत सोडा मागतो. मोठ्या पावसानंतर दर वेळी आणि एरवी आठवड्यातून एकदा अल्कलिनिटी तपासा. सोड्याची गोणी मे महिन्यातच आणून जाड प्लास्टिकच्या पिंपात झाकून ठेवा, नाहीतर ओल लागून ढेकळं होतात.