प्रतिपालक घराला मान्यता देताना आणि त्यानंतर: संस्थांनी या चुका टाळा

प्रतिपालकत्व म्हणजे मूल काही काळ सांभाळायला जन्मदात्या कुटुंबाऐवजी दुसऱ्या कुटुंबात ठेवणं. बाल न्याय अधिनियम २०१५ मधल्या त्याच्या व्याख्येत कुटुंबाबद्दल चार गोष्टी आहेत. ते निवडलेलं हवं, पात्र ठरलेलं हवं, मान्यता मिळालेलं हवं आणि देखरेखीखाली हवं. मी कित्येक वर्षं गृहभेटींचं काम करते आहे. पहिल्या तीन गोष्टींची कागदपत्रं बहुतेक फायलींत व्यवस्थित लावलेली सापडतात. चौथ्या गोष्टीपाशी फाईल पातळ होत जाते, आणि मूल त्या घरात राहायला आलेलं असतं ते नेमकं त्याच काळात.

याचं एक कारण कामाच्या वाटणीत आहे. आदेश देते बाल कल्याण समिती, म्हणजे अशा मुलांबाबत निर्णय घेणारी कायद्याने नेमलेली समिती. कुटुंब शोधणं, गृह अध्ययन (घर आणि घरातली माणसं पाहून केलेली पाहणी), मासिक निधी आणि पाठपुरावा जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे असतो. बऱ्याच ठिकाणी स्वयंसेवी संस्था त्यात हात लावतात. काम तिघांत वाटलं गेलं की प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघतोय. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ४४ प्रमाणे प्रतिपालक कुटुंबाची तपासणी समितीने दर महिन्याला करायची आहे. संस्थेची माणसं जाऊन आली म्हणून समितीची जबाबदारी संपत नाही, आणि समिती येणार आहे म्हणून संस्थेने भेट टाळायची नाही. कोणत्या महिन्यात कोण जाणार आणि अहवाल कोणाकडे पोचणार, हे मूल त्या घरी पाऊल ठेवण्याआधी कागदावर ठरलेलं असू द्या.

गृह अध्ययन म्हणजे खोल्यांची मोजणी नव्हे

पक्कं घर, दोन खोल्या, संडास आहे, उत्पन्नाचा दाखला जोडला, पोलिस पडताळणी झाली, वैद्यकीय प्रमाणपत्रं आली. एवढ्यावर शिफारस लिहिणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. हे सगळं लागतंच, पण कायदा कुटुंबाची क्षमता, इच्छा आणि मुलं सांभाळण्याचा आधीचा अनुभव पाहायला सांगतो. इच्छा कशी आहे हे उत्पन्नाच्या दाखल्यावरून कळत नाही.

आधी कळवून, सकाळी अकराला, फक्त नवरा-बायकोला भेटून आलात तर अर्धंच घर पाहिलंत. संध्याकाळी जा, सगळे घरी असताना. घरातल्या आजीशी वेगळं बोला, कारण दिवसभर मूल तिच्याजवळ असणार आहे. त्यांच्या स्वतःच्या मुलांना विचारा, "नवीन मूल आलं तर तुझ्या कुठल्या गोष्टी वाटून घ्याव्या लागतील?" दहा वर्षांचं पोर या प्रश्नाला जे उत्तर देतं, त्यातून घरात या विषयावर बोलणं झालंय की नाही ते लगेच समजतं. नंतर एकदा न कळवताही जा.

"तुम्हाला मूल कशासाठी हवंय?" हा प्रश्न कार्यकर्त्यांना अवघड वाटतो म्हणून गाळला जातो, आणि पुढची निम्मी भांडणं तिथूनच उगवतात. दत्तकाच्या प्रतीक्षायादीला कंटाळलेलं जोडपं प्रतिपालकत्वाकडे जवळची वाट म्हणून बघतं. "दोन वर्षं सांभाळा, मग मूल तुमचंच," असं त्यांना कोणीतरी सांगितलेलं असतं. संस्थेच्या माणसाने तरी हे कधीही म्हणू नये. ज्या मुलाला समिती दत्तकयोग्य मानते, त्याला दीर्घकालीन प्रतिपालकत्वात देताच येत नाही, हे कलम ४४ मध्येच लिहिलेलं आहे. केंद्र सरकारच्या प्रतिपालकत्वाबद्दलच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत दोन वर्षांनंतर दत्तकाची वाट ठेवली आहे, पण मूल कायद्याने दत्तकासाठी मुक्त झालं तरच. ज्या मुलाची आई दवाखान्यात आहे आणि बरी होऊन परत येणार आहे, त्या मुलाच्या बाबतीत असं आश्वासन देणं हा त्या आईवर अन्याय आहे.

याच तत्त्वांनी एकट्या व्यक्तींनाही दार उघडलं आहे. एकटी स्त्री मुलगा किंवा मुलगी कोणालाही सांभाळू शकते, एकट्या पुरुषाकडे मात्र मुलगाच देता येतो. जुने नियम पाठ असलेली मंडळी अजूनही एकट्या बाईला "तुमचं बसत नाही" म्हणून परत पाठवतात. असं करू नका.

आणि आपल्या महाराष्ट्राची बाल संगोपन योजना व प्रतिपालकत्व यांची गल्लत नको. बाल संगोपनात दरमहा २,२५० रुपये मिळणारी बरीच मुलं स्वतःच्या आईजवळ किंवा आजोबांकडे राहतात. प्रतिपालकत्वात मूल परक्या घरात जातं. दोन्हींसाठी एकच अहवाल नाव बदलून वापरलेला मी पाहिला आहे. त्यात नवीन घराबद्दल एक ओळही नव्हती.

भेट झाली, पण मुलाशी बोलणं झालं का?

एका घरात नऊ वर्षांचा मुलगा चार महिने राहत होता. आधीच्या तिन्ही अहवालांत "मुलास स्वतंत्र जागा: होय" असं होतं. मी गेले तेव्हा त्या घरच्या दोन मुलांचे कपडे लोखंडी कपाटात होते आणि याचे कपडे खुंटीला टांगलेल्या कापडी पिशवीत. मला वाईट वाटलं आणि रागही आला. त्याला सांभाळणाऱ्या मावशींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "ताई, मधला कप्पा रिकामा करून दिलाय. तो ठेवतच नाही." कप्पा खरंच रिकामा होता, त्यात वर्तमानपत्राचा कागदही अंथरलेला होता.

मुलाला घेऊन बाहेर हौदापाशी बसले. तो बराच वेळ पाण्यात काडी फिरवत राहिला. मग म्हणाला, "परत जायचं म्हटलं की पटकन निघता येतं." त्याआधी त्याच्या तीन जागा बदलल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी त्याला निघायच्या दिवशीच सांगितलं गेलं होतं. समितीच्या आदेशात इथला मुक्काम किती महिन्यांचा आहे ते स्पष्ट लिहिलेलं होतं. ते मावशींना माहीत होतं, मला माहीत होतं. त्याला आम्ही कोणी सांगितलंच नव्हतं. चूक घराची नव्हती, आमची होती.

त्या दिवशी भिंतीवरचं कालनिर्णय काढून त्यावर मी कधी येणार त्या तारखांना गोल केले आणि आदेशाची मुदत संपते त्या महिन्याचं पान त्याला दाखवलं. पिशवी लगेच उतरली नाही. दोन भेटींनंतर फक्त शाळेचा गणवेश कप्प्यात गेला होता.

म्हणून दर भेटीत मुलाशी एकट्याने बोलायलाच हवं, आणि घरातल्यांना ते पहिल्या दिवशीच सांगून ठेवा, म्हणजे त्यांना संशय घेतल्यासारखं वाटत नाही. सगळ्यांसमोर "कसं वाटतं इथे?" विचारलंत तर "छान" हेच उत्तर येणार. त्यापेक्षा काल रात्री कोण कुठे झोपलं होतं, डबा कोण भरतं, आजारी पडलास तेव्हा जवळ कोण बसलं होतं, असं विचारा. शाळेत जाऊन वर्गशिक्षिकांनाही भेटा. वजन-उंचीची नोंद मागच्या महिन्याच्या नोंदीशेजारी ठेवून बघा. चार महिने वजन एकच असेल तर एकतर काट्यात घोळ आहे, नाहीतर ताटात, नाहीतर कोणीतरी जुना आकडाच उतरवून काढतंय.

"मूल परत घेऊन जा" असा फोन आला तर

हा फोन बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात येतो. पहिले काही आठवडे मूल पाहुण्यासारखं वागतं. मग विश्वास बसू लागला की खरं दुःख बाहेर येतं. अंथरूण ओलं होतं, चपाती गादीखाली लपवली जाते, घरच्या मुलांशी मारामारी होते. कुटुंबाला वाटतं मूल बिघडलं. खरं तर तिथे त्याला सुरक्षित वाटायला लागलेलं असतं. हे सगळं होणार आहे, असं आधी सांगितलेलं कुटुंब तो काळ निभावून नेतं. न सांगितलेलं कुटुंब फोन करतं.

फोनवर उपदेश करू नका. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, स्वतः जा. आधी त्या बाईंचं सगळं ऐकून घ्या, कारण दिवसातून तीनदा चादरी त्या धूत आहेत. मग नेमकं काय, किती वाजता, कशानंतर घडतं ते विचारा. एका घरी चपात्या चोरण्याचा प्रश्न होता. मुलाला झोपताना उशाशी डब्यात दोन चपात्या ठेवायला दिल्या. ते अन्न त्याचं आहे, कोणी घेणार नाही, हे कळल्यावर लपवणं हळूहळू थांबलं. अंथरूण ओलं होणं थांबत नसेल तर शिक्षा नको, डॉक्टरांकडे न्या आणि जिल्ह्यातल्या समुपदेशकाला जोडून द्या.

एवढं करूनही जमलं नाही, तर जागा बदलावी लागते. इथे संस्था एक मोठी चूक करतात: ओळखीच्या दुसऱ्या प्रतिपालक घरी मूल "आठ दिवसांसाठी" नेऊन ठेवतात. मुलाला हलवण्याचा अधिकार समितीचा आहे, संस्थेचा नाही. रात्रीची अडचण असेल तर समितीच्या अध्यक्षांना किंवा सदस्यांना फोन करा, पण आदेशाशिवाय मूल हलवू नका. भावंडं असतील तर ती वेगळी होणार नाहीत यासाठी शेवटपर्यंत धडपडा. कायद्याचाही तोच आग्रह आहे, त्यांना वेगळं ठेवणंच त्यांच्या भल्याचं असेल तेवढा अपवाद सोडून.

पैसे, आई-वडील आणि ऊसतोड

मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेत प्रतिपालकत्वासाठी दरमहा ४,००० रुपये आहेत. हप्ता कधीकधी उशिरा येतो हे आधीच सांगा, आणि बँक खात्याचं काम आदेशाच्या आठवड्यातच उरका. पैशाचा विषय काढणाऱ्या कुटुंबाला लोभी समजू नका. वह्या-दप्तर, दूध, दवाखाना या गोष्टींना पैसे लागतात.

आई-वडील असमर्थ ठरल्यामुळे मूल इथे आलं असेल, तर समितीने मनाई केली नसेल तिथे त्यांना ठराविक अंतराने मुलाला भेटता येतं. ही भेट घडवून आणणं संस्थेचं काम आहे. मराठवाड्यात दिवाळीच्या सुमारास आई-वडील ऊसतोडीला गेले की भेटी आपोआप बंद पडतात आणि अहवालात "पालक अनुपस्थित" लागतं. पुढे हेच दोन शब्द त्यांच्याविरुद्ध वापरले जातात. हंगाम सुरू होण्याआधी मुकादमाचा आणि पालकांचा नंबर घ्या, आठवड्याचा फोन ठरवून द्या आणि अहवालात कारण लिहा. प्रतिपालक कुटुंबच कामासाठी बाहेरगावी जाणार असेल तर ते समितीला आधी कळलं पाहिजे.

तक्रार आली की आधी "आपसात चौकशी" नको

मुलाने मारहाणीबद्दल सांगितलं, तर त्याच दिवशी समितीला कळवा. लैंगिक अत्याचाराची नुसती शंका असली तरी पोक्सो (मुलांचं लैंगिक अत्याचारापासून संरक्षण करणाऱ्या) कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. संस्थेची अंतर्गत समिती बसवून, कुटुंबाला बोलावून, मुलाला तीन-तीनदा तेच सांगायला लावण्यात पुरावा जातो आणि मूल गप्प होतं. मूल काय म्हणालं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा आणि पुढचे प्रश्न विचारायचं थांबवा. १०९८ हा मुलांच्या मदतीचा हेल्पलाइन नंबर मुलाला पहिल्याच भेटीत पाठ करून दिलेला असावा.

फोटोंबद्दलही सांगते. "आमच्या नवीन प्रतिपालक कुटुंबाचं अभिनंदन" म्हणून मुलाचा चेहरा संस्थेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख उघड करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

मूल निघतं त्या दिवशी

आई बरी झाली, आदेश झाला, मूल घरी चाललं. गाडी यायच्या घाईत शाळेचा दाखला, लसीकरणाचं कार्ड, आधार, बँकेचं पासबुक यांतलं काहीतरी मागे राहतं आणि मग सहा महिने चकरा होतात. यादी आठवडाभर आधी करा. त्या यादीत प्रतिपालक घरातल्या फोटोंची एक प्रत आणि त्या घरचा फोन नंबर, समितीची हरकत नसेल तर, जरूर घाला. आणि मूल गेल्यावर आठ दिवसांनी त्या रिकाम्या घरी एकदा चहाला जा. कागदावर ती भेट कुठेच नसते, पण दार उघडणाऱ्या बाईंच्या घरात अजून एक ताट जास्तीचं मांडलं जात असतं.