आंतरराष्ट्रीय करार टिकेल का, हे कसं तपासायचं

सह्यांचा फोटो बाजूला ठेवा. आधी मंजुरी कुणाच्या हातात आहे ते पाहा. अमेरिकेत तह म्हणून केलेल्या कराराला सिनेटची, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाची, दोन तृतीयांश मतं लागतात, म्हणजे शंभरही सदस्य हजर असतील तर ६७. अणुचाचणीबंदी करारावर १९९६ मध्ये सही झाली आणि १९९९ मध्ये तो सिनेटमध्ये ४८ विरुद्ध ५१ असा पडला. म्हणून २०१५ चा इराण अणुकरार तह म्हणून सिनेटपुढे नेलाच नाही. सोय झाली खरी, पण २०१८ मध्ये पुढच्या अध्यक्षांना बाहेर पडतानाही सिनेटला विचारावं लागलं नाही.

मग कराराची झळ कुणाला बसते ते शोधा. एकूण व्यापाराच्या आकड्यावर विसंबू नका, बहुतेकांचा अंदाज तिथेच चुकतो. पर्यायी पुरवठा किती महिन्यांत उभा राहील, हे विचारा. २०२२ मध्ये युरोपीय संघाने रशियाच्या समुद्रमार्गे येणाऱ्या तेलावर बंदी घातली. पाइपलाइनच्या तेलाला मात्र सूट द्यावी लागली. हंगेरीला समुद्रकिनारा नाही, आणि निर्बंधांना सगळ्या सदस्यदेशांचं एकमत लागतं.

निवडणुकीचं वेळापत्रकही जवळ असू द्या. मतदान तोंडावर असेल, तर समोरचा देश मोठी सवलत देण्याऐवजी निकालाची वाट पाहण्याची शक्यता जास्त.