तळ्याच्या गाळात करिअर: सूक्ष्मजीव, खनिजं आणि पुण्यातून सुरुवात

पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्यांना पुढच्या वाटा विचारल्या की फार्मा, लस, क्यूसी (गुणवत्ता तपासणी), पॅथॉलॉजी लॅब ही नावं लगेच पुढे येतात. तळ्याचा गाळ कोणीच सुचवत नाही. मी त्या वाटेनं गेले आणि आजही त्याच कामात आहे. दरवर्षी काही मुलंमुली विचारतात, "ताई, यात यायचं तर काय करू?" त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझं सांगणं थोडक्यात असं: आधी पाणी मोजायला शिका, मग गाळ वाचायला शिका, डीएनए सर्वांत शेवटी.

मुळात सूक्ष्मजीवांचा खनिजांशी संबंध काय? उन्हाच्या दिवशी दुपारी हिरव्यागार तळ्यात पीएच मीटर धरा. सकाळपेक्षा आकडा वर गेलेला दिसेल. नीलहरित शैवाल (नाव शैवाल, पण खरं तर जिवाणू) पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळे पीएच चढतो, बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं आणि पाण्यात कॅल्शियम पुरेसं असेल तर कॅल्साइटचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे, बारीक कण तयार होऊ लागतात. आपल्या भागातलं पाणी बेसॉल्टवरून आणि काळ्या मातीतून येतं, त्यामुळे कॅल्शियम-मॅग्नेशियमची वानवा सहसा नसते. न्यूयॉर्क राज्यातल्या फेएटव्हिल ग्रीन लेकचं पाणी उन्हाळ्यात याच कारणानं दुधाळ होतं. तिथे सिनेकोकॉकस या अतिसूक्ष्म जिवाणूच्या पेशीवरच कॅल्साइट जमतं. तुर्कस्तानातल्या व्हान सरोवरात सूक्ष्मजीवांच्या थरांभोवती वाढलेले कार्बोनेटचे मनोरे 40 मीटरपर्यंत उंच आहेत. मेक्सिकोतल्या अल्चिचिका सरोवरातून आलेला एक नीलहरित जिवाणू तर पेशीच्या आतच कार्बोनेटचे गोळे बनवतो, हे 2012 मध्ये प्रसिद्ध झालं. खनिज म्हणजे निर्जीव, ही शाळेतली विभागणी इथे डळमळते. मला या विषयानं धरून ठेवलं ते इथेच.

पण पुण्यात राहून काम करायचं असेल तर माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट कार्बोनेटची नाही, लोह आणि फॉस्फरसची आहे. ती नीट समजून घ्या, कारण आपल्या तळ्यांवरची जलपर्णी तिच्याशी थेट जोडलेली आहे.

पाण्यात ऑक्सिजन असतो तोवर गाळाच्या वरच्या थरातलं लोह गंजाच्या रूपात असतं आणि त्या गंजाच्या पृष्ठभागाला फॉस्फेट, म्हणजे शैवाल आणि जलपर्णीचं खतच, घट्ट चिकटून राहतं. तळाशी सेंद्रिय कचरा कुजू लागला की ऑक्सिजन संपतो. मग जिओबॅक्टरसारखे जिवाणू ऑक्सिजनऐवजी त्या गंजावर श्वसन करतात. गंज विरघळतो आणि त्याला चिकटलेलं फॉस्फेट मोकळं होऊन पाण्यात येतं. जर्मनीत आइन्झेले यांनी 1930 च्या दशकात आणि इंग्लंडमध्ये मॉर्टिमर यांनी 1941-42 मध्ये हे मांडलं होतं. पुढची पायरी अनेक पाठ्यपुस्तकांत घाईत उरकलेली असते. सांडपाण्याबरोबर सल्फेटही येतं. सल्फेटवर जगणारे जिवाणू त्याचा सल्फाइड करतात आणि सल्फाइड लोहाला पकडून काळा आयर्न सल्फाइड बनवतो. गाळाचा तो काळा रंग आणि सडक्या अंड्याचा वास इथून येतो. एकदा लोह सल्फाइडमध्ये अडकलं की फॉस्फेट धरून ठेवायला ते उरत नाही. याउलट लोह भरपूर आणि सल्फाइड कमी असेल, तर व्हिव्हियनाइट नावाचं लोह-फॉस्फेटाचं खनिज तयार होतं आणि फॉस्फरस गाळातच बंदिस्त राहतो. म्हणजे तळाशी कोणतं खनिज घडतं यावर पृष्ठभागावर किती शैवाल आणि किती जलपर्णी पोसली जाणार, हे बरंचसं ठरतं.

म्हणून नुसतं सांडपाणी अडवलं की तळं लगेच सुधारत नाही. वर्षानुवर्षं गाळात साठलेला फॉस्फरस आतूनच येत राहतो. पाषाण तलावात रामनदीतून येणारं पाणी असो की मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून उजनीत जाणारं पुण्याचं सांडपाणी असो, ज्यांना या पाण्याबद्दल खरी तळमळ आहे त्यांनी गाळाच्या खनिजांकडे पाहिलंच पाहिजे. जलपर्णी काढण्याच्या बातम्या दरवर्षी येतात. खालच्या लोहाची आणि सल्फाइडची चर्चा फारच कमी होते.

आता कामाचं. नवीन मुलं येतात ती 'मला मेटाजिनोमिक्स (नमुन्यातल्या सगळ्या जिवांचा डीएनए एकत्र वाचणं) करायचंय' म्हणत. करा, पण कोणत्या जिवाणूंचा डीएनए आहे हे कळल्यानं ते तिथे काय करत होते हे कळत नाही. त्यासाठी त्याच जागेचं, त्याच वेळेचं पाणी मोजलेलं हवं: तापमान, पीएच, विरघळलेला ऑक्सिजन, क्षारता, नायट्रेट, अमोनिया, फॉस्फेट, सल्फेट, विरघळलेलं लोह. वरचं पाणी आणि तळालगतचं पाणी वेगवेगळं घ्या. पहाटे आणि दुपारी, दोन्ही वेळा मोजा. रात्रभर सगळी सजीवसृष्टी श्वसन करत असते, त्यामुळे उथळ तळ्याचा ऑक्सिजन पहाटे सर्वांत कमी असतो आणि फक्त अकरा वाजताचं मोजमाप तुम्हाला ते सांगणार नाही. मीटर नसेल तर ऑक्सिजन मोजायचं विंकलर पद्धतीचं टायट्रेशन कॉलेजच्या लॅबमध्ये होतं, आणि हात बसला तर ते फार भरवशाचं आहे. फॉस्फेट आणि लोहासाठीचं पाणी जागेवरच फिल्टरमधून गाळून घ्या. बाटलीत हवा लागली की लोहाचा पुन्हा गंज होतो आणि फॉस्फेट त्याला चिकटून बसतं. मग तुम्ही मोजता ते तळ्याचं नव्हे, बाटलीचं रसायन असतं.

घरी करण्यासारखं काही हवं असेल तर विनोग्राडस्की स्तंभ लावा. उंच पारदर्शक बरणी, तळ्याचा चिखल, त्यात फाडलेलं वर्तमानपत्र, अंड्याच्या कवचाची पूड, थोडं जिप्सम, वर तळ्याचंच पाणी, आणि बरणी खिडकीच्या उजेडात. काही आठवड्यांत खाली काळा थर धरतो, मध्ये हिरवे-जांभळे पट्टे येतात. प्रत्येक पट्टा म्हणजे श्वसनाचा किंवा प्रकाशसंश्लेषणाचा वेगळा प्रकार. दर आठवड्याला फोटो काढा आणि वहीत नोंद ठेवा. मुलाखतीत ही वही दाखवणारा विद्यार्थी माझ्या लक्षात राहतो.

खनिजांच्या बाजूला सूक्ष्मजीवशास्त्रवाल्यांची तयारी कमी पडते. एक्सआरडीचा (क्ष-किरणांनी खनिज ओळखण्याच्या तंत्राचा) आलेख वाचायला शिका, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली स्फटिक ओळखायला शिका. नमुना हाताळण्याची शिस्त खनिजानुसार बदलते. व्हिव्हियनाइट हवेत निळं पडत ऑक्सिडाइज होतं. लोणारच्या गाळात सापडणारं गेलुसाइट हे सोडियम-कॅल्शियमचं पाणीदार कार्बोनेट. ते गोड्या पाण्यात धुतलं किंवा भट्टीत वाळवलं तर तुमच्या हाती वेगळंच खनिज येईल. लोणारच्या तळातून नळीनं काढलेल्या गाळाच्या उभ्या नमुन्यात गेलुसाइटचे थर कोरड्या, आटलेल्या काळाची खूण म्हणून वाचले जातात, त्यामुळे इथे निष्काळजीपणा म्हणजे जुन्या पावसाचा इतिहासच चुकीचा लिहिणं.

आणि 'हे खनिज सूक्ष्मजीवांनी घडवलं' असं म्हणण्याआधी थांबा. पाणी आधीच इतकं संपृक्त असेल की ते खनिज आपोआपच बसलं असतं, तर जिवाणू तिथे नुसते हजर होते. संपृक्ततेचा हिशेब पीएचआरईईक्यूसी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये होतो, ते शिकाच. प्रयोगात जिवंत पेशी, मारलेल्या पेशी आणि पेशीविरहित द्रावण असे तिन्ही संच हवेत. डोलोमाइट हे कॅल्शियम-मॅग्नेशियमचं कार्बोनेट प्रयोगशाळेत साध्या तापमानाला बनवणं भूशास्त्रज्ञांना फार काळ जमत नव्हतं. 1995 मध्ये ब्राझीलच्या एका खाजणातल्या सल्फेटचा सल्फाइड करणाऱ्या जिवाणूंकडे बोट दाखवलं गेलं, आणि त्यावरचा वाद अजून चालू आहे. अशा वादात बोलायचं तर तुमचे नियंत्रण-संच पक्के हवेत.

पुण्याचा फायदा मोठा आहे. आघारकर संशोधन संस्थेत सूक्ष्मजीव आणि डायटम (सिलिकाचं कवच असलेलं शैवाल) दोन्हींवर काम होतं. जून 2020 मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव हे कारण तिथल्याच तपासणीतून पुढे आलं. पाषाणला आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था आहे, विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्र, भूशास्त्र आणि पर्यावरणशास्त्र हे तिन्ही विभाग एकाच आवारात आहेत, आणि तुम्ही वेगळा केलेला जिवाणू जतन करायला राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र इथेच आहे. एम.एस्सी.ला असाल तर शेजारच्या विभागाच्या व्याख्यानाला बसायची परवानगी मागा, सहसा मिळते. सीएसआयआर-नेट ही पात्रता परीक्षा जीवविज्ञानातूनही देता येते आणि पृथ्वीविज्ञानातूनही; तुमची पदवी ज्यात आहे त्यातूनच द्या, विषय नंतर जोडता येतो.

प्राध्यापकांना मेल पाठवताना 'मला संशोधनाची आवड आहे' एवढ्यावर थांबू नका. एका तळ्याचं नाव, एक प्रश्न आणि तुम्ही स्वतः घेतलेली मोजमापं, एवढं तीन-चार ओळींत लिहा. मोजमापं साधी असली तरी चालतील.

परवानगीशिवाय नमुने घेऊ नका. लोणार हे अभयारण्य आहे, वन विभागाची लेखी परवानगी लागते. शहरातल्या तलावांसाठी महापालिकेकडे अर्ज करा. परदेशी संस्थेला जिवाणू पाठवायचा असेल तर जैवविविधता कायदा, 2002 लागू होतो. सांडपाण्याच्या तळ्यात हातमोजे आणि गमबूट घातल्याशिवाय उतरू नका, जखम असेल तर अजिबात नाही, लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. आणि एकटं कधीच जाऊ नका. सुरुवात करायची तर मेमध्ये करा; पाणी कमी असतं, तळाचा ऑक्सिजन बहुधा संपलेला असतो, आणि जूनचा पहिला मोठा पाऊस झाल्यावर त्याच जागी पुन्हा मोजलं की दोन आकड्यांत केवढा फरक पडतो ते तुमच्याच वहीत दिसेल.