कंपनीतली मशीन, आयटीचं डिपार्टमेंट आणि पदं: नावं कशी ठरवायची

कंपनी लहान असते तोवर कॉम्प्युटरच्या नावाकडे कोणी बघत नाही. विंडोज टाकलं की ‘डेस्कटॉप’ आणि पुढे सात अक्षर-आकड्यांचं काहीतरी आपोआप येतं, तेच राहतं, नाहीतर जो बसणार त्याच्या नावाने ‘राहुल-पीसी’ करून मोकळे होतात. वीस मशीनपर्यंत हे खपून जातं. दोनशे झाली, दोन प्लांट झाले, निम्मी माणसं सोडून गेली की मग राहुलच्या पीसीवर तिसराच कोणीतरी बसलेला असतो आणि सपोर्टवाल्याला फोनवर पहिली पाच मिनिटं नक्की कुठलं मशीन हेच शोधण्यात घालवावी लागतात.

सगळ्याचं मूळ एकाच नियमात आहे. मशीनच्या आयुष्यात जे बदलणार नाही तेवढंच नावात घाला, बाकी सगळं अ‍ॅसेट रजिस्टरमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदवहीत. गाडीचा नंबर जसा ड्रायव्हर बदलला तरी तोच राहतो, तसं. माणूस बदलतो, डिपार्टमेंट बदलतं, मजला बदलतो, आपल्याकडे तर गावाचं नावही बदलतं (१९९५ ला मुंबई, २०२३ ला छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव), पण लॅपटॉप हा लॅपटॉपच राहतो.

हे नुसतं नीटनेटकेपणासाठी नाही. एका प्लांटमधलं उदाहरण सांगतो. रात्री अँटीव्हायरसचा अलर्ट आला, मशीनचं नाव ‘अकाउंट्स-पीसी-३’. सकाळी दोन पोरं अकाउंट्समध्ये जाऊन प्रत्येक मशीन उघडून बघतायत, सगळी स्वच्छ. ते मशीन खरं तर दोन वर्षांपूर्वी गेटवर वजनकाट्याला लावलेलं होतं, काट्याच्या इंडिकेटरची सिरियल केबल त्याच्या मागे खोचलेली, आणि तिथला ऑपरेटर सकाळपासून ट्रक वर ट्रक घेत होता, कारण त्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं. नेटवर्कमधून काढायला दुपार झाली. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग, म्हणजे मशीननी केलेल्या नोंदी, १८० दिवस ठेवावे लागतात. लॉगमध्ये मशीनचं नाव असतं, फोटो नसतो. त्या नावावरून मशीनपर्यंत पोचता येत नसेल तर त्या लॉगचा उपयोग निम्माच.

आता प्रत्यक्ष नाव. विंडोजच्या जगात नेटबायोस या जुन्या नेटवर्क पद्धतीमुळे १५ अक्षरांची मर्यादा आहे, ती धरूनच चाला, भले डीएनएसमध्ये (नावावरून मशीनचा पत्ता शोधणारी यंत्रणा) नावाच्या दोन टिंबांमधल्या एका तुकड्याला ६३ चालत असतील. फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि मधली आडवी रेघ. अंडरस्कोअर नको, स्पेस नको, नुसते आकडेही नकोत. मला आवडणारा साचा म्हणजे ग्रुपमध्ये चार कंपन्या असतील तर कंपनीची तीन अक्षरं, मग प्रकार (लॅपटॉपला एलटी, डेस्कटॉपला डीटी), मग पाच आकडी नंबर. म्हणजे ‘एलटी-००४७१’ असं काहीतरी, मशीनवर अर्थातच रोमनमध्ये. पाच आकडे आधीपासून ठेवा आणि पुढची शून्यं गाळू नका, नाहीतर यादी लावताना २ च्या आधी १० येतो आणि एक्सेलमध्ये शोधाशोध होते. नंबर एकदा दिला की दिला. मशीन ई-वेस्टमध्ये रजिस्टर्ड रिसायकलरकडे गेलं तरी त्याचा नंबर दुसऱ्याला द्यायचा नाही, कारण जुने लॉग, जुनी बिलं, ऑडिटची यादी सगळीकडे तो त्याच मशीनचा म्हणून लिहिलेला असतो.

सिरियल नंबरच नाव म्हणून वापरला तर? चांगला पर्याय आहे, विशेषतः लॅपटॉप थेट कर्मचाऱ्याच्या घरी कुरिअरने जात असतील आणि मायक्रोसॉफ्टच्या ऑटोपायलटने आपोआप सेटअप होत असेल तर. तिथे टेम्प्लेटमध्ये सिरियलचा व्हेरिएबल टाकला की नाव आपोआप पडतं, हाताने काही करायला नको. डेलचा सर्व्हिस टॅग ७ अक्षरांचा, सहज बसतो. पण ज्या ठिकाणी हेल्पडेस्क फोनवर चालतो तिथे मी स्वतःचा नंबरच घेईन. शॉपफ्लोअरवर प्रेसचा आवाज चालू असताना ‘ओ की शून्य, आय की एक’ हे विचारत बसणं दोन्हीकडच्या माणसाला नको होतं. आणखी एक, मदरबोर्ड बदलल्यावर इंजिनिअरने नवीन बोर्डावर सिरियल लिहिला नाही तर बायोसमध्ये तो रिकामा दिसतो, तेव्हा वॉरंटीतलं मशीन परत आलं की एकदा तपासून घ्या.

स्टिकर कागदी नको, पॉलिएस्टरचा घ्या. लॅपटॉपच्या पोटाखाली लावला तर घासून वर्षात पुसतो आणि फोनवर बोलताना लॅपटॉप उलटा करायला लागतो, त्यामुळे कीबोर्डच्या बाजूला, मनगट टेकतं त्याच्या कोपऱ्यात. वॉलपेपरवर कोपऱ्यात मशीनचं नाव दाखवणारं बीजी-इन्फो टाकलंत तर त्याहून उत्तम.

प्रिंटरची गोष्ट वेगळी, कारण प्रिंटर लोक जागेवरून शोधतात. म्हणून दोन नावं ठेवा. डिव्हाइसचं नाव नंबरवालं आणि लोकांना कॉम्प्युटरवर दिसणाऱ्या क्यूचं (प्रिंटच्या रांगेचं) नाव जागेवरून, ‘दुसरा मजला स्टोअर्स ए-फोर’ असं. प्रिंटर बिघडला, दुसरा आणून ठेवला, तरी क्यूचं नाव तेच राहतं आणि कोणाच्याही मशीनवर काही बदलावं लागत नाही. मीटिंग रूमच्या स्क्रीनलाही हेच लागू.

सर्व्हरवर थोडं थांबू. आपल्याकडे सर्व्हरना किल्ल्यांची नावं द्यायची हौस फार, सिंहगड, तोरणा, राजगड. बाहेरही हे जुनंच आहे, १९९० च्या आरएफसी ११७८ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटवाल्यांची क्रमांक दिलेली टिपणं) मशीनला स्वतःचं नाव देऊ नका, प्रोजेक्टचं नाव देऊ नका, त्यापेक्षा रंग, मूलद्रव्यं अशा एखाद्या विषयावरून नावं घ्या असाच सल्ला आहे, आणि पाच-सात सर्व्हर असताना तो योग्यच होता. आता एका होस्टवर, म्हणजे एका खऱ्या सर्व्हरवर, वीस व्हर्च्युअल मशीन असतात. पेरोल तोरण्यावर आहे की राजगडावर हे ज्याला पाठ आहे तो माणूस रजेवर गेला की बाकीचे अडकतात, आणि बाहेरून आलेल्या व्हेंडरच्या इंजिनिअरला तर त्यातून काहीच अर्थबोध होत नाही. किल्ल्यांवर माझंही प्रेम आहे, ती नावं मीटिंग रूमना द्या, तिथे शोभतात.

सर्व्हरच्या नावात साइटचा कोड, एन्व्हायर्नमेंट, प्रकार आणि नंबर एवढं पुरे. साइट कोड म्हणून विमानतळाचे तीन अक्षरी कोड सोपे, पुण्याचा पीएनक्यू, मुंबईचा बीओएम, शहराचं नाव बदलून इतकी वर्षं झाली तरी बीओएम तसाच आहे. एन्व्हायर्नमेंट मात्र नावात दिसलंच पाहिजे, प्रॉडक्शनला पी, टेस्टला टी, डेव्हलपमेंटला डी, कारण रात्री अकराला दोन विंडो उघड्या असताना समोरची काळी स्क्रीन टेस्टची की लाइव्हची हे प्रॉम्प्टवर लिहिलेलंच बरं. आणि सर्व्हर काय काम करतो ते डीएनएसच्या एलियासमध्ये, म्हणजे पर्यायी नावात, ठेवा. युझरला, अ‍ॅप्लिकेशनला, कनेक्शन स्ट्रिंगला फक्त ‘पेरोल’ हा एलियास माहीत असावा, खालचा सर्व्हर बदलला की एलियास वळवायचा, बस. फाइल सर्व्हरला नुसता सीनेम (डीएनएसमधली एलियासची नोंद) टाकून कधी कधी लॉगिन अडतं, तिथे नेटडॉम कमांडने जादा कॉम्प्युटरनेम जोडावं लागतं, हे लक्षात असू द्या.

आतल्या डोमेनला डॉट लोकल नको, ते मल्टिकास्ट डीएनएससाठी (सर्व्हरशिवाय मशीननी एकमेकांना नावाने शोधायची पद्धत) राखीव आहे आणि मॅक, लिनक्सवाल्यांना त्रास होतो. आपल्या नावावरच्या डोमेनचा सबडोमेन घ्या, किंवा २०२४ मध्ये आयकॅनने (जगभरातल्या डोमेन नावांचा कारभार बघणारी संस्था) खासगी वापरासाठी राखून ठेवलेलं डॉट इंटर्नल. आणि पब्लिक सर्टिफिकेट घेताना सबडोमेनच्या नावात ‘जुना-व्हीपीएन’, ‘टेस्ट-ईआरपी’ असलं काही लिहू नका, ती नावं सर्टिफिकेट ट्रान्स्परन्सीच्या, म्हणजे दिलेल्या सर्टिफिकेटांच्या जाहीर नोंदीच्या, लॉगमध्ये जातात आणि जगात कोणालाही दिसतात.

डिपार्टमेंटचं नाव काय ठेवायचं यावर मात्र वेळ घालवू नका. ईडीपी (इलेक्ट्रॉनिक डेटा प्रोसेसिंग) झालं, मग एमआयएस (मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टीम), मग आयटी, आता कुठे कुठे डिजिटल. मॅनेजमेंट बदललं की पाटी बदलते. तुम्ही फक्त एवढं बघा की मेल आयडी, शेअर फोल्डर, सिक्युरिटी ग्रुप यांच्यात डिपार्टमेंटची पाटी न येता काम यावं, हेल्पडेस्क, नेटवर्क, बॅकअप, असं. १९९७ च्या आरएफसी २१४२ मध्ये पोस्टमास्टर, अब्यूज, सपोर्ट असे कामावरून ठरलेले मेल आयडी दिलेत, ते तुमच्या डोमेनवर चालू आहेत का आजच तपासा. आणि डोमेन रजिस्ट्रार, फायरवॉलचं लायसन्स, क्लाउडचं बिलिंग हे कोणाच्याही नावाच्या मेलवर असता कामा नये. तो माणूस गेला, मेलबॉक्स बंद झाला आणि डोमेन रिन्यूअलची सूचना कोणालाच मिळाली नाही, असं होऊ शकतं.

पदांचं नाव हा मला सगळ्यात जिव्हाळ्याचा भाग, कारण इथे मशीनचं नाही, माणसाचं नुकसान होतं. आपल्या कंपन्यांत ग्रेड आणि काम एकाच नावात कोंबतात. जो पोरगा फायरवॉल सांभाळतो, स्विच बदलतो, रात्री लिंक पडली तर उठून येतो, त्याच्या लेटरवर ‘ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह’ नाहीतर थेट ‘ईडीपी असिस्टंट’. पुढच्या इंटरव्ह्यूला त्याला आपलं काम पटवून देण्यातच अर्धा वेळ जातो, एचआरच्या सर्चमध्ये तर तो येतच नाही. यावर उपाय म्हणजे दोन वेगळे रकाने. ग्रेड पगारासाठी, ते एचआरचं. पदाचं नाव कामावरून, नेटवर्क इंजिनिअर, डेस्कटॉप सपोर्ट इंजिनिअर, सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, डेटाबेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, बाजारात जे चालतं तेच. एल-वन, एल-टू ही तिकिटाची, म्हणजे तक्रार कोणत्या स्तरावर हाताळली जाते त्याची, पायरी आहे, माणसाच्या लेटरवर ती नको. अनुभवाचं लेटर देताना तर हे नक्की बघा, त्याला खर्च शून्य येतो आणि समोरच्याचं आयुष्य सोपं होतं.

जुन्या नावांचं काय करायचं? एका रविवारी सगळं बदलायला जाऊ नका. नवीन येणारं मशीन नव्या नियमाने, जुनं मशीन फॉरमॅटला आलं की तेव्हा. तोपर्यंत रजिस्टरमध्ये ‘जुनं नाव’ असा एक रकाना ठेवा आणि तो कधीच पुसू नका. चालू सर्व्हरची नावं तशीच राहू द्या, फक्त एलियास द्या. सर्व्हरवर एसक्यूएल डेटाबेस असेल तर नाव बदलल्यावर आतही बदल करावे लागतात, आणि ज्याच्यावर एक्सचेंज (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) किंवा सर्टिफिकेट देणारी सर्टिफिकेट अथॉरिटी बसलीय त्याच्या नावाला हातच लावायचा नाही, ते बदलून चालत नाही. तो सर्व्हर निवृत्त होईल तेव्हाच नवीन नावाचा आणा.