मोठ्या स्केलचा ऑफ-रोड आरसी ट्रक रेससाठी घेताय? या चुका टाळा

१/५ मापाचे (खऱ्या गाडीच्या पाचव्या हिश्श्याएवढे) रिमोटवर चालणारे, म्हणजे आरसी, ऑफ-रोड ट्रक घेऊन रेसला उतरणारी नवी मंडळी दर हंगामात येतात आणि त्याच त्या चुका करतात. पैसे भरपूर जातात, आणि हौस दोन-तीन रेसमध्येच मावळते. हे बघवत नाही, म्हणून लिहितोय. त्यांनी घेतलेले ट्रक बहुतेक वेळा चांगलेच असतात. घेण्याआधीची तुलना मात्र भलत्याच गोष्टींची झालेली असते.

क्लासचे नियम न वाचता ट्रक घेणं

ही चूक सगळ्यांत महाग पडते आणि टाळायला सगळ्यांत सोपी आहे. "१/५ स्केल" असं खोक्यावर लिहिलं म्हणून दोन ट्रक एका रेसमध्ये धावतील असं नसतं. लोसीचा फाइव्ह-टी हा पेट्रोलवर चालणारा, चारही चाकांना ताकद देणारा शॉर्ट कोर्स ट्रक, म्हणजे रेसच्या पिकअपसारखा दिसणारा. एचपीआयचा बाहा ५टी पण पेट्रोलचाच, पण ताकद फक्त मागच्या चाकांना. ट्रॅक्ससचा एक्स-मॅक्स आणि आर्माचा क्रेटन ८एस हे बॅटरीवरचे मॉन्स्टर ट्रक, म्हणजे उंच आणि मोठ्या चाकांचे. व्हिडिओत या चौघांना एका रांगेत उभं करून "कोण भारी" असं विचारणं सोपं आहे. रेसमध्ये त्यांची गाठ पडेलच असं नाही.

तुम्ही जिथे धावणार आहात तिथे कोणता क्लास (रेसचा गट) भरतो, त्यात किती गाड्या येतात, इंजिन किती सीसीपर्यंत चालतं, टू-व्हील ड्राइव्ह आणि फोर-व्हील ड्राइव्ह वेगळे धावतात का, हे आधी विचारा. ज्या क्लासला जास्त गर्दी असेल त्यातला ट्रक घ्या. कुणाकडे तरी तुमचा सुटा भाग सापडेल आणि कुणाला तरी तुमच्या ट्रकची सेटिंग माहीत असेल, हा फायदा मोठा असतो.

टॉप स्पीडवरून ट्रक निवडणं

माझा सगळ्यांत जास्त राग या चुकीवर आहे. माहितीपत्रकावरचा ताशी वेगाचा आकडा सरळ, सपाट, कडक जमिनीवरचा असतो. ऑफ-रोड ट्रॅकवर तेवढी सरळ जागाच नसते.

जरा हिशेब करून बघा. ट्रॅकवरची सर्वांत लांब सरळ पट्टी ५० मीटरची धरू. सरासरी ताशी ६० किलोमीटरने ती पार करायला ३ सेकंद लागतात, ताशी ७५ किलोमीटरने २.४ सेकंद. म्हणजे अख्ख्या लॅपमध्ये वाचले ०.६ सेकंद. आता ट्रक एकदा पालथा झाला, मार्शल धावत आला, त्याने उचलून सरळ केला, की ८ ते १० सेकंद गेले. ते भरून काढायला तेरा ते सतरा लॅप एकही चूक न करता मारावे लागतात. एवढ्या लॅप कित्येक रेसमध्ये नसतातच.

एका रेसला एक तरुण आठ सेलच्या बॅटरीवरचा मॉन्स्टर ट्रक घेऊन आला होता. सगळ्या प्रकारचे ट्रक एकत्र धावतील अशी खुली फेरी होती. त्याने पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) मोठं बसवलं होतं, फोनवर वेगाचा आकडा सगळ्यांना दाखवत होता, आणि खरंच सरळ पट्टीवर त्याने समोरच्या चौघांना मागे टाकलं. पट्टीच्या शेवटी डावं वळण होतं. ब्रेक उशिरा लागला, उंच ट्रकची डावी चाकं उचलली गेली आणि ट्रक उजव्या अंगावर गेला. पुढच्या लॅपला तेच, त्याच्या पुढच्या लॅपलाही तेच. सहाव्या-सातव्या मिनिटाला मोठ्या पिनियनमुळे मोटर इतकी तापली की स्पीड कंट्रोलरने स्वतःहून ताकद तोडली आणि ट्रक ट्रॅकच्या मधोमध उभा राहिला. पिटमध्ये बॉडी काढली तेव्हा छताची उजवी कड घासून आरपार गेली होती. डावी कड नवीकोरी होती, तिच्यावर कंपनीचं स्टिकरही शाबूत होतं. ती फेरी जिंकली मागच्या चाकांवर चालणाऱ्या एका जुन्या पेट्रोल ट्रकने. इंजिन कंपनीतून आलं तसंच होतं. चालवणारा गृहस्थ प्रत्येक लॅपला एकाच खुणेपाशी ब्रेक मारत होता, बस.

तो मुलगा हुशार होता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की उंच बसलेल्या वजनाचा ट्रक चांगल्या पकडीच्या मातीवर टायर न घसरता उलटतो. म्हणून तुलना करायचीच तर या गोष्टींची करा: ट्रक किती खाली बसतो, चाकांमधली रुंदी किती आहे, वजन कुठे आहे, आणि डिफ (डिफरेन्शियल, चाकांमध्ये ताकद वाटणारे गिअर) किती आहेत. क्रेटन ८एसला पुढे, मध्ये आणि मागे असे तीन डिफरेन्शियल आहेत, एक्स-मॅक्सला मधला नाही. मधला डिफ असला की त्यातलं ऑइल बदलून ताकद पुढे किती जायची आणि मागे किती हे तुमच्या हातात येतं. रेसला याचा उपयोग फार. अंगणात उड्या मारायच्या असतील तर काही फरक पडत नाही, आणि एक्स-मॅक्स त्यासाठी उत्तम ट्रक आहे.

माझी सवय अशी की नवीन ट्रकवर पिनियन वाढवायला मी हंगामभर हात लावत नाही. आधी थ्रॉटलची मर्यादा रिमोटवरूनच कमी करून धावतो. पालथा न होता पूर्ण रेस निघाली की मग थोडी वाढवतो. नव्या लोकांना हे कंटाळवाणं वाटतं. पण घाईने कुणी लवकर शिकलेलं मी पाहिलेलं नाही.

एअर फिल्टरकडे दुर्लक्ष, आणि मग सुई फिरवत बसणं

पेट्रोल ट्रक घेणाऱ्यांनी हे नीट वाचावं. २३ पासून ३२ सीसीपर्यंतची ही टू-स्ट्रोक इंजिनं दणकट असतात. बहुतेक वेळा ती मरतात धुळीने, आणि दोष दिला जातो कार्ब्युरेटरला.

ओळखीतल्या एकाने जुना ट्रक घेतला. दिसायला चकचकीत, दोरी ओढली की सुरू. दोन रेसनंतर ताकद कमी वाटायला लागली. त्याने कुणाचं तरी ऐकून कार्ब्युरेटरची एच सुई (जोरात पळताना पेट्रोल किती जायचं ते ठरवणारा स्क्रू) आत फिरवली, म्हणजे मिश्रण लीन केलं, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. थोडा वेळ इंजिन जोरात पळालं, त्याला वाटलं जमलं. मग पुन्हा थोडी आत. तिसऱ्या खेपेला सरळ पट्टीवर इंजिनचा आवाज एकदम बारीक झाला आणि मागची चाकं घसटत ट्रक थांबला. पिस्टन जाम.

मी फिल्टर काढून कार्ब्युरेटरच्या तोंडात आतून बोट फिरवलं. बोटाला तपकिरी चिकट लेप लागला, आणि दोन बोटांत चोळला तर कचकच लागत होती. फिल्टरचा फोम कोरडा होता आणि खालची पट्टी ढिली. सायलेन्सर काढून आत पाहिलं तर पिस्टनवर उभे ओरखडे. म्हणजे ताकद कमी झाली होती ती धूळ खाऊन कॉम्प्रेशन गेल्यामुळे. सुई आत घेतल्यावर पेट्रोल कमी झालं, त्याच्याबरोबर ऑइलही कमी गेलं, आणि उरलंसुरलं काम तापण्याने केलं.

हे बोट फिरवून बघणं अर्ध्या मिनिटाचं काम आहे. जुना ट्रक विकत घेताना विकणाऱ्याला विचारून हे आधी करा. तोंड स्वच्छ असेल तर पुढे बोला, कचकच लागली तर नवीन पिस्टन, रिंग आणि सिलिंडरचे पैसे किमतीतून वजा धरा.

माझ्या पेटीत तेल लावलेले फिल्टर बंद पिशवीत तयार असतात. धुळीच्या दिवशी एकाच फिल्टरवर संध्याकाळ काढायची नाही. वापरलेला फोम साबणाच्या कोमट पाण्यात धुवायचा, पिळायचा नाही, दाबायचा, पूर्ण वाळवायचा. मग फिल्टर ऑइल टाकून रंग सगळीकडे सारखा दिसेपर्यंत मळायचा आणि जास्तीचं तेल दाबून काढायचं. बसवताना खालच्या कडेला ग्रीसचा पातळ थर. ओला फोम घाईत बसवणारे लोकही पाहिलेत. कृपा करून तसं करू नका.

सुईबद्दल एकच सांगतो. फिल्टर, प्लग, जुनं पेट्रोल, सायलेन्सरचे बोल्ट आणि कार्ब्युरेटरच्या खालची गॅस्केट हे सगळं तपासून झाल्याशिवाय सुईला हात लावू नका. लावलाच तर एका वेळी आट्याचा आठवा भाग. मग सरळ पट्टीवर पूर्ण थ्रॉटलने पळवून तिथेच इंजिन बंद करा आणि प्लग बघा. तपकिरी असेल तर ठीक, पांढरट असेल तर लीन, काळा आणि ओला असेल तर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त.

पेट्रोलमध्ये "थोडं जास्त" ऑइल

२५:१ म्हणजे एक लिटर पेट्रोलला ४० मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑइल, ३२:१ म्हणजे साधारण ३१. मोजूनच घाला. "जास्त ऑइल म्हणजे जास्त सुरक्षित" हे अर्धवट आहे. जेटमधून जाणाऱ्या द्रवात ऑइलचा वाटा वाढला की पेट्रोलचा कमी होतो, म्हणजे हवेच्या मानाने मिश्रण उलट लीन होतं. एक प्रमाण ठरवा आणि सुई त्यावरच लावा. इथेनॉल असलेलं पेट्रोल महिनोन्‌महिने टाकीत ठेवलं की ते हवेतलं पाणी शोषतं आणि कार्ब्युरेटरचा डायफ्रॅम कडक होतो. हंगाम संपला की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं.

किल स्विच नसलेला ट्रक

याबाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही. १/१० मापाचा ट्रक अडीच किलोचा, हा पंधरा किलोचाही असतो. त्याच वेगाला आघाताची ऊर्जा सहापट, आणि वेग दुप्पट झाला की त्याच्या चौपट. मार्शल म्हणून ट्रॅकवर अनेकदा मुलंही उभी असतात. अशा ट्रकचा सिग्नल तुटला आणि थ्रॉटल उघडा राहिला, तर नडगी मोडू शकते.

रिसीव्हरचा फेलसेफ (सिग्नल तुटल्यावर काय करायचं ती सेटिंग) ब्रेकवर लावाच. पण सर्व्होची (थ्रॉटल-ब्रेक हलवणाऱ्या छोट्या मोटरची) तार तुटली किंवा रिसीव्हरची बॅटरीच मेली तर त्याचा उपयोग नाही, म्हणून पेट्रोल ट्रकला इग्निशन तोडणारा वेगळा किल स्विच हवा. दर रेसच्या आधी ट्रक स्टँडवर, चाकं अधांतरी, इंजिन चालू, थ्रॉटल किंचित उघडा, आणि रिमोट बंद. इंजिन थांबलं पाहिजे. नाही थांबलं तर त्या दिवशी धावायचं नाही, फायनल असली तरी. रिमोट आधी चालू, रिसीव्हर नंतर. बंद करताना उलट.

फेलसेफ वारंवार उगाच लागत असेल तर दोष बहुधा रेडिओचा नसतो. मोठा स्टिअरिंग सर्व्हो वळणात जोर लावताना कित्येक अँपिअर खेचतो, आणि बारीक तारांच्या पेन्सिल सेलच्या डबीतून तेवढा करंट निघत नाही. व्होल्टेज पडतं, रिसीव्हर क्षणभर झोपतो. दोन सेलची चांगली लायफे (लिथियम-आयर्न फॉस्फेट) बॅटरी आणि जाड तारा, एवढंच लागतं. सर्व्हो बदलत असाल तर त्याच्या स्प्लाइनला (दातेरी दांड्याला) १५ दाते आहेत की २५ हे ट्रकच्या हॉर्नशी, म्हणजे त्यावर बसणाऱ्या आर्मशी, जुळवून घ्या.

आठ सेलच्या बॅटरीची जोडी

दोन चार-सेलच्या लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटऱ्या एकामागे एक जोडल्या की पूर्ण चार्जला ३३.६ व्होल्ट होतात. जोडी एकाच कंपनीची, एकाच क्षमतेची, एकाच वेळी घेतलेली हवी, आणि दोघींनी आयुष्यभर एकत्रच काम करायचं. मी जोडीवर एकच अक्षर लिहून ठेवतो. जुनी एक आणि नवी एक अशी जोडली तर जुनी आधी खाली जाते, आणि एकूण व्होल्टेज ठीक दिसत असल्याने कंट्रोलर वेळेवर तोडत नाही. रेस नसेल तेव्हा सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवा.

आणखी काही, थोडक्यात

धातूत जाणाऱ्या प्रत्येक स्क्रूला निळं थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ न देणारा द्रव), प्लॅस्टिकमध्ये जाणाऱ्याला कधीच नाही, प्लॅस्टिक तडकतं. दोन कंपन्यांच्या शॉक ऑइलचं "वेट" सारखं नसतं, तुलना सेंटिस्टोक्सच्या (ऑइलच्या घट्टपणाच्या) आकड्यावर करा. सुरू करताना दोरी शेवटपर्यंत ओढू नका. गरम सायलेन्सर असलेला ट्रक उचलायला मार्शलला हातमोजे द्या, आपले दोन ज्यादा जोड असू द्या. क्लच घसरतोय असं वाटलं तर आधी त्याचे घासणारे शू आणि स्प्रिंग बघा, मग गिअर.

आणि ट्रक ठरवण्याआधी त्याचे पुढचे खालचे आर्म, हिंज पिन, स्टिअरिंग हॉर्न आणि क्लच स्प्रिंग तुम्हाला किती दिवसांत आणि कितीला मिळतात ते शोधा. दोन ट्रकांत अडकला असाल तर ज्याचे हे चार भाग आठवड्यात हातात पडतात तो घ्या, आणि ट्रकच्या ऑर्डरबरोबरच त्यांचा एक-एक संच मागवा. आर्म बहुधा पहिल्याच रेसला जातो.