मुलांसाठी गुंतवणूक करताय? आधी या चुका टाळा

बारसं झालं की पंधरा दिवसांत ओळखीतला एजंट घरी येतो, हे मी इतक्या घरांत बघितलंय की आता कोणी फोन करून "दादा, बाळाच्या नावाने काय घेऊ?" विचारलं की मी आधी विचारतो, कुठे सही केलीस का? बरेच जण सही करून मग विचारतात. केली असेल आणि पॉलिसी हातात येऊन ३० दिवस झाले नसतील तर फ्री लुकमध्ये, म्हणजे पटली नाही तर परत करायच्या मुदतीत, परत करा, थोडेफार पैसे कापून बाकीचे मिळतात. एजंट मामेभाऊ असला तरी करा.

बाळाचा फोटो छापलेला चाइल्ड प्लॅन ही चूक मी स्वतः केलीय. २००६ ला मोठा मुलगा झाला तेव्हा दरवर्षी २४ हजार, १८ वर्षं. भरले ४ लाख ३२ हजार आणि २०२४ ला हातात आले ७ लाख ८ हजार. घरात पेढे आले, मी रात्री कॉम्प्युटर उघडून हिशोब लावला तर परतावा जेमतेम ५ टक्के. तेच पैसे पीपीएफला साडेसात टक्क्यांनी धरले तरी ९ लाख २० हजार होतात, आणि त्या १८ वर्षांतली बहुतेक वर्षं पीपीएफचा दर त्याहून जास्तच होता. बरं, मधेच मला काही झालं असतं तर घराला विमा मिळाला असता ४ लाख. चार लाखात इंजिनिअरिंगची चार वर्षं निघत नाहीत, घर कुठून चालणार? म्हणून मी सगळ्यांना सांगतो, मुलासाठी पहिली खरेदी म्हणजे आईबापाचा टर्म इन्शुरन्स (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा साधा विमा), वर्षाच्या कमाईच्या निदान १०-१५ पट, आणि घरात दोघं कमावत असतील तर दोघांचा. मग मेडिक्लेम. मग गुंतवणूक. विमा आणि गुंतवणूक एकाच पाकिटात घेऊ नका, दोन्ही अर्धवट राहतात.

दुसरी चूक कोणी सांगतच नाही, आणि तिचा मला खरंच राग येतो. म्युच्युअल फंड मुलाच्या नावाने घेणं. ऐकायला छान वाटतं, लेकराच्या नावावर पैसे. माझ्या बहिणीने भाच्याच्या नावाने बारा-तेरा वर्षं एसआयपी, म्हणजे फंडात ठरावीक हप्ता, चालवली, एक हप्ता चुकवला नाही. त्याला मे महिन्यात अठरा पूर्ण झाली, पुढे कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या, राउंडला चांगलं कॉलेज लागलं, फी भरून अ‍ॅडमिशन कन्फर्म करायला हातात चार दिवस. पैसे काढायला गेली तर फोलिओ, म्हणजे फंडातलं खातं, बंद! मूल अठराचं झालं की पालकाची सही संपते आणि मुलाची नवीन केवायसी, पॅन, बँकेकडून सही तपासलेला फॉर्म हे सगळं होईपर्यंत त्यातून रुपयाही निघत नाही. भाच्याचं पॅन लहानपणी काढलेलं, त्यावर ना फोटो ना सही. बँक खातं अजून मायनरचं. आधारला मोबाईल नंबर आजोबांचा, आणि ते सिमच बंद झालेलं. तिने रडत फोन केला तेव्हा सेतू केंद्राच्या रांगेत उभी होती. शेवटी आईने दिलेल्या पाटल्या पतसंस्थेत गहाण ठेवून फी भरली, फंडातले पैसे महिन्याभराने आले. पैसे होते हो, वेळेला नव्हते!

त्यामुळे माझी सवय अशी की फंड माझ्याच नावाने, पण मुलीसाठी वेगळा फोलिओ, नॉमिनी तीच, आणि कपाटातल्या डायरीत लिहिलेलं की हा पैसा कशाचा. तसाही मायनरच्या नावावरच्या व्याजाचा आणि नफ्याचा टॅक्स पालकाच्याच उत्पन्नात धरला जातो, म्हणजे नाव बदलून टॅक्स वाचत नाही. आधीच मुलाच्या नावाने घेतलं असेल तर घाबरू नका, सतरावं संपायच्या आत आधारचा मोबाईल नंबर, पॅन आणि त्याच्या नावाचं बँक खातं बघून ठेवा, आणि अठराव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशीच फॉर्म द्या.

सुकन्या समृद्धी चांगली योजना आहे, मुलगी असेल तर मी ती घ्याच म्हणतो, २०२४ पासून ८.२ टक्के व्याज आणि टॅक्स नाही. पण "मुलगी २१ ची झाली की पैसे" असं समजू नका, २१ वर्षं खातं उघडल्यापासून मोजतात. नवव्या वर्षी उघडलं तर ती तिशीची होईल तेव्हा पूर्ण मुदत भरते. अठरा झाल्यावर किंवा दहावी झाल्यावर शिक्षणासाठी आदल्या वर्षाअखेरच्या शिलकीच्या ५० टक्क्यांपर्यंतच काढता येतात, लग्नासाठी आधी बंद करता येतं ते वेगळं. म्हणून उघडायचं तर पहिल्या वर्षीच उघडा.

पीपीएफ तुमचं आणि मुलाचं मिळून वर्षाला दीड लाखच, दोघांचं वेगळं वेगळं नाही. एनपीएस वात्सल्य ही मुलाच्या नावाची पेन्शन योजना त्याच्या म्हातारपणासाठी आहे, कॉलेजसाठी नाही. सोन्याचे दागिने गुंतवणूक म्हणून नकोत, मजुरी जाते.

आणि कृपा करून रोज अ‍ॅप उघडू नका. "गेल्या वर्षी सगळ्यात जास्त रिटर्न दिलेला फंड सांगा" असं विचारणाऱ्यांना मी फंड सांगतच नाही, कारण तेच लोक पडल्यावर पहिले पळतात. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात १३ टक्के पडला, त्या आठवड्यात माझ्या ओळखीतल्या तिघांनी मुलांच्या एसआयपी बंद केल्या. मूल तेव्हा दोन-तीन वर्षांचं! पंधरा वर्षं हातात असताना पडलेला बाजार म्हणजे स्वस्तात मिळणारी युनिट्स, एवढं त्यांना कोणी समजावलंच नव्हतं. साधा इंडेक्स फंड (सेन्सेक्ससारख्या निर्देशांकातलेच शेअर घेणारा) घ्या, पगार वाढला की हप्ता वाढवा, आणि वर्षातून एकदा बघा.

पण शेवटची तीन वर्षं मात्र उलटं वागायचं. फी भरायच्या वर्षीच बाजार पडला तर थांबायला वेळ नसतो. माझी धाकटी यंदा दहावीत आहे, तिच्या पहिल्या दोन वर्षांच्या फीएवढे पैसे मी दिवाळीनंतर फंडातून काढून एफडीत टाकले. बाजार वर गेला तर जाऊ दे.