ट्रक अपघाताची नुकसानभरपाई मागताना या चुका टाळा

पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरला खेटून जातो. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसीत रात्रंदिवस अवजड गाड्यांची ये-जा असते आणि गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्याही त्यात मिसळतात. अपघातात घरचा कर्ता माणूस जायबंदी झाला की पहिल्या काही दिवसांत घाबरलेल्या नातेवाइकांकडून चुका होतात, आणि त्या पुढं वर्षानुवर्षं त्या घराला भोवतात.

जागेवर मिटवणं

गाडीमालकाचा माणूस दवाखान्यात येतो. "ड्रायव्हर गरीब आहे, पोलीस-कोर्ट कशाला, हे पैसे घ्या आणि इथं सही करा." सही करू नका. ड्रायव्हरच्या गरिबीचा इथं प्रश्नच येत नाही. कामावर असताना त्याच्या हातून चूक झाली तर मालक जबाबदार असतो, आणि मालकाच्या वतीनं भरपाई भरायची ती विमा कंपनीनं. ड्रायव्हरकडं योग्य लायसन्स नव्हतं असं निघालं, तरी बऱ्याच प्रकरणांत न्यायाधिकरण (मोटार अपघाताचे दावे चालवणारं कोर्ट) कंपनीला आधी जखमीचे पैसे द्यायला आणि नंतर मालकाकडून वसूल करायला सांगतं.

मालक कोण, हे तोंडी ऐकून ठरवू नका. गाडी विकली पण नाव बदललं नाही, तर आरसी बुकावर ज्याचं नाव तोच कायद्यानं मालक. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये हे स्पष्ट केलंय. नंबरवरून गाडीचा विमा परिवहन खात्याच्या ॲपवर दिसतो; मालकाचं पूर्ण नाव मात्र तिथं दिसेलच असं नाही. उसाच्या ट्रॉलीचा अपघात असेल तर ट्रॅक्टरबरोबर ट्रॉलीचेही कागद बघा. शेतीकामाचा विमा असलेला ट्रॅक्टर भाड्यानं ऊस ओढत होता, हा मुद्दा कंपनी हमखास काढते.

दवाखान्यातली नोंद

सर्वांत जास्त नुकसान ही चूक करते. सीपीआर म्हणजे कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय असो वा खासगी दवाखाना, भरती करताना "काय झालं?" विचारतात. पोलिसांचा ससेमिरा नको म्हणून कुणीतरी सांगतं, "गाडीवरून घसरून पडला." केसपेपरवर तेच उतरतं. पुढं फिर्यादीत ट्रकचा नंबर येतो तेव्हा कंपनीचे वकील तोच केसपेपर पुढं करतात आणि ट्रक मागाहून घुसडल्याचा आरोप होतो. म्हणून ट्रकनं धडक दिली असेल तर तसंच सांगा, एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायचं प्रकरण अशी दवाखान्याची नोंद, करायला लावा आणि फिर्याद लगेच द्या. उपचाराच्या खर्चासाठी 2025 पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे: ठरलेल्या रुग्णालयांत पहिले सात दिवस, दीड लाखांपर्यंत.

रस्त्यात बंद पडलेल्या ट्रकवर दुचाकी मागून आदळली की गुन्हा कधी कधी दुचाकीस्वारावरच दाखल होतो आणि घरचे दाव्याची आशा सोडतात. सोडू नका. ट्रकला रिफ्लेक्टर नव्हता, पार्किंग लाइट बंद होते, मागं काही खूण ठेवली नव्हती, हे फोटो आणि पंचनाम्यातून दिसलं तर न्यायाधिकरण दोष दोघांत वाटू शकतं. गाडी हलवण्याआधी फोटो काढा.

ट्रक पळून गेला आणि सापडलाच नाही, तर सरकारी योजनेतून मृत्यूसाठी 2 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी 50 हजार मिळतात.

अपंगत्वाचा टक्का आणि कमाई

समजा, हुपरीचा 32 वर्षांचा चांदी कारागीर, महिना कमाई 15 हजार. भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के धरून 21 हजार, म्हणजे वर्षाला 2,52,000. त्याच्या वयाला गुणक (वर्षाच्या कमाईला वयानुसार ज्यानं गुणतात तो आकडा) 16, म्हणजे 40,32,000. उजव्या हाताची बोटं गेली आणि दाखल्यावर 20 टक्के अपंगत्व आलं, तर भविष्यातल्या कमाईपोटी 8,06,400 होतात. पण बारीक काम करणाऱ्याचा तो हातच गेला! सर्वोच्च न्यायालयाच्या 2010 च्या राजकुमार निकालानुसार बघायचं ते काम करण्याची क्षमता किती गेली ते. ती 40 टक्के गेल्याचं सिद्ध झालं तर रक्कम 16,12,800 होते. त्यासाठी डॉक्टरांची साक्ष हवी. कमाईचा पुरावाही हवा: मजुरीची वही, बँक पासबुक, नाहीतर काम देणाऱ्या शेठची साक्ष. "रोखीत मिळायचं" एवढ्यावर भागवलं तर न्यायाधिकरण स्वतःच्या अंदाजानं आकडा धरतं, आणि तो सहसा कमीच असतो.

मालवाहू गाडीतून माणसं

जोतिबाच्या यात्रेला टेम्पोत बसून गेलेल्यांना हे आधी सांगायला हवं. मालाचा मालक किंवा त्याचा माणूस सोडला तर मालवाहू गाडीत बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर सहसा येत नाही. दावा गाडीमालकावर करता येतो, वसुली मात्र अवघड. गाडीवरचा ड्रायव्हर किंवा हमाल जखमी झाला, तर त्याला कामगार भरपाईची तरतूद किंवा मोटार वाहन कायदा यांतला एकच मार्ग निवडायचा असतो.

मुदत

1 एप्रिल 2022 पासून कायद्यात दावा दाखल करायला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. फौजदारी खटल्याच्या निकालाची वाट बघत बसू नका; दोन्ही प्रकरणं वेगळी चालतात. अपघात कर्नाटकात झाला तरी तुम्ही राहता त्या भागातल्या, म्हणजे कोल्हापूरच्या न्यायाधिकरणात दावा लावता येतो. निकाल पटला नाही तर 90 दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं, आणि ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच असल्यानं त्यासाठी मुंबई गाठायची गरज उरलेली नाही.